दालातमधले ‘चै’ : दूध, अंडी आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांच्या नजरेतून

दसरा आटोपल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मी आणि आई पाच दिवस व्हिएतनाममधल्या दालात या डोंगरावरच्या शहरात राहिलो. मी गेली सात वर्षे व्हीगन आहे. मांस, मासे आणि अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही मी खात नाही. आई दूधदुभते घेते, मात्र तिचा चातुर्मास चालू असल्यामुळे कांदा, लसूण आणि वांगे तिला वर्ज्य होते. दोघींची पथ्ये एकत्र केली की आपल्याकडच्या हॉटेलातही ताटात फारसे काही उरत नाही, म्हणून निघताना बॅगेत मेतकूट, खाकरे आणि भाजणीच्या चकल्या भरून घेतल्या होत्या. त्यातले निम्म्याहून अधिक सामान तसेच परत आले. आपल्याकडून व्हिएतनामला जाणारे आता पुष्कळ आहेत, आणि ‘तिकडे शाकाहाऱ्यांचे हाल होतात’ हे वाक्य मी निघण्यापूर्वी अनेकांकडून ऐकले होते. दालातपुरते तरी ते खरे नाही, हे सविस्तर सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

दालात समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, लांगबियांगच्या पठारावर वसलेले आहे. हो ची मिन्ह शहरापासून ते सुमारे ३०० किलोमीटरवर असून रात्रीच्या स्लीपर बसने पहाटे तिथे उतरता येते; विमानाने गेल्यास लिएन खुओंग विमानतळ गावापासून सुमारे ३० किलोमीटर आहे. फ्रेंचांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी वसवलेले हे गाव आज दक्षिण व्हिएतनामला भाजी पुरवते. कोबी, गाजर, बटाटा, आर्टिचोक, स्ट्रॉबेरी यांचे मळे आणि त्यांवरची पांढऱ्या प्लास्टिकची छते गावात शिरतानाच दिसू लागतात. एवढी भाजी पिकते म्हणजे भाजीचे जेवण सहज मिळेल, असा माझा समज होता आणि पहिल्याच रात्री तो चुकीचा ठरला.

त्या रात्री पाऊस होता, म्हणून राहण्याच्या ठिकाणाजवळच्या एका साध्या भोजनालयात आम्ही शिरलो. इंग्रजी मेनूकार्डावर ‘भाज्यांचे सूप’ आणि ‘परतलेली पालेभाजी’ असे लिहिले होते. मांस नको, मासे नकोत, हे मी फोनवरच्या भाषांतराने सांगितले आणि मालकीणबाईंनी मान हलवून होकारही दिला. सूप आले, त्यात भोपळ्याच्या फोडी आणि कोथिंबीर होती. आईने दोन चमचे घेतले आणि वाटीच्या तळाशी चमचा फिरवला तेव्हा गुलाबी रंगाचे बारीक सोडे वर आले. पालेभाजीवर कालवांचा सॉस होता, हे मला नंतर कळले. यात कोणी फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने ते भाज्यांचेच सूप होते. आपण आमटीत गूळ घालतो तितक्या सहजपणे तिथे सुकी कोलंबी आणि माशांचा नुओक मम, म्हणजे खारवलेल्या माशांपासून काढलेला तपकिरी रस, पदार्थात पडतो. आई त्या रात्री खाकऱ्यावर राहिली. तिने तक्रार केली नाही, पण तिचा चेहरा पाहून मला रात्रभर वाईट वाटत राहिले.

आमचे चुकले होते ते शब्दाच्या निवडीत. तिथे भाजी मागायची नसते, ‘चै’ मागायचे असते. रोमन लिपीत सी, एच, ए, वाय अशी चार अक्षरे. उच्चार चैत्रातल्या ‘चै’सारखा. हा शब्द आधुनिक आहारपद्धतीचा नाही. तो बौद्ध व्रताचा शब्द आहे आणि व्हिएतनाममध्ये रुजलेल्या महायान परंपरेत भिक्षू आणि भिक्षुणी कायम, तर गृहस्थ ठरावीक तिथींना ‘चै’ जेवतात. त्यात मांस, मासे, माशांचा रस आणि रूढ अर्थाने अंडीही नसतात. दूध हा मुळात त्या स्वयंपाकाचा घटकच नाही. पनीर, तूप, साय, दही यांतले काहीही त्या चुलीवर पूर्वापार चढत नाही. त्यामुळे भारतात जे मला प्रत्येक ताटापाशी विचारावे लागते, ते तिथे बहुतेक वेळा विचारण्याचीही गरज पडली नाही. ‘तोइ अन चै’, म्हणजे ‘मी चै जेवते’, एवढे वाक्य पुरते. व्हिएतनामी ही सुरांची भाषा, म्हणजे सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे आपला उच्चार चुकतोच, तेव्हा तेच वाक्य फोनवर लिहून दाखवावे. ते वाचल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसत नाही, ओळख दिसते. आपल्याकडे ‘आज माझा उपास आहे’ म्हटल्यावर जसे कोणी कारण विचारत नाही, तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुख्य बाजाराच्या बाजूला गेलो. स्वान हुओंग तलावाच्या टोकापासून बाजार चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत ‘कम चै’ अशा पाट्या दिसतात. ‘कम’ म्हणजे भात. यांतल्या पुष्कळ खानावळींना वेगळे नावच नसते, पिवळ्या पाटीवर फक्त हे दोन शब्द असतात. आम्ही ज्या खानावळीत पाचपैकी चार दिवस जेवलो, तिचीही पाटी तशीच होती. दर्शनी बाजूला काचेचे कपाट, त्यात स्टीलचे बारा-तेरा ट्रे, आत पाच टेबले आणि प्लास्टिकची बुटकी स्टुले. बोटाने दाखवायचे आणि चालवणाऱ्या बाई भातावर वाढत जातात. पन्नाशीच्या या बाईंना सगळे ‘को’ म्हणत, म्हणजे आपल्या मावशी-आत्यासारखे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

तिथले ताट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मधोमध वाटीने पाडलेली भाताची मूद. एका बाजूला गवती चहा आणि लाल मिरची बारीक चिरून त्यात परतलेले टोफू. गवती चहाचे तुकडे इतके बारीक आणि इतके कुरकुरीत की ते पाल्यासारखे लागत नाहीत, मसाल्यासारखे लागतात. शेजारी कोवळ्या फणसाच्या फोडी, सोयाबीनच्या सॉसमध्ये, जळवलेल्या साखरेत आणि भरपूर काळ्या मिरीत आटवलेल्या. आईने पहिला घास घेतला आणि ‘कुयरीची भाजी गं’ म्हणाली. आमचे आजोळ राजापूरजवळचे असल्यामुळे कोवळ्या फणसाला घरात कुयरी म्हणतात. नारळ नव्हता, मोहरीची फोडणी नव्हती, तरी फणसाचा धागा दाताखाली जसा सुटतो तसाच सुटत होता. सोबत उकडलेल्या भेंड्या, आंबवलेली मोहरीची पाने, आणि एका छोट्या भांड्यात कोबी-टोमॅटोचे पातळ, जवळजवळ पाण्यासारखे सार. ते सार जेवणाच्या शेवटी भाताबरोबर घ्यायचे असते. आणि टेबलावर झाकणाच्या बरणीत शेंगदाणे, तीळ, मीठ आणि किंचित साखर यांचे भरड कूट. हे कूट गरम भातावर घेतले की दुसरे काही लागत नाही. आपल्या शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीतून लसूण आणि तिखट काढून टाकले तर जे राहील, ते हे. एका ताटाचे ३०,००० दोंग झाले, म्हणजे त्या दिवसाच्या दराने सुमारे शंभर रुपये.

कांदा-लसणाचा प्रश्न मात्र दुधापेक्षा थोडा गुंतागुंतीचा आहे आणि चातुर्मास पाळणाऱ्यांनी, तसेच जैन वाचकांनी, तो नीट समजून घ्यावा. महायान परंपरेत पाच उग्र पदार्थ वर्ज्य मानले जातात. त्यांत लसूण आणि कांद्याच्या जाती येतात. कडक पाळणाऱ्या स्वयंपाकात ते नसतातच. परंतु गावातल्या सर्वच चै खानावळी तितक्या कडक नसतात, आणि दक्षिणेत लसणाऐवजी लीक, म्हणजे जाड दांड्याची, कांद्याच्या पातीसारखी भाजी, तेलात परतून वासासाठी वापरण्याची पद्धत आहे. आईला टोफूच्या एका प्रकारात तो वास लगेच जाणवला. को यांना फोनवर कांदा, लसूण आणि लीक यांची चित्रे दाखवून मी नकाराची खूण केली. त्यांनी एकेक ट्रेकडे बोट दाखवून कशात आहे आणि कशात नाही ते सांगितले, दोन ट्रे वगळले, आणि त्यानंतरच्या तिन्ही दिवशी आम्ही दारात दिसताच त्याच दोन ट्रेंवरून हात आडवा फिरवून त्या आधी आम्हाला आठवण करून देत. ही काळजी मला कोणत्याही मोठ्या उपाहारगृहात अनुभवास आलेली नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पाच वर्ज्य पदार्थांच्या जुन्या यादीत पाचवा पदार्थ हिंग आहे. कांदा-लसूण नसला की आपल्याकडे चव भागवण्यासाठी ज्या हिंगाचा आधार घेतला जातो, तोच तिथल्या यादीत निषिद्ध ठरला आहे, हे मी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, ‘म्हणूनच यांच्या भाजीला मिरी इतकी असते.’ तिचे अनुमान बरोबर आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, पण हिंगाशिवाय आणि लसणाशिवायही ते जेवण फिके लागत नव्हते, हे मात्र खरे.

दुसऱ्या प्रकारची ठिकाणे म्हणजे मेनूकार्ड असलेली चै उपाहारगृहे. फान दिन्ह फुंग रस्त्यावर आणि त्याच्या आसपास अशी आहेत. मेनूवर चित्रे असतात, बसायला नीट खुर्च्या असतात, आणि आम्ही गेलो तिथे एका मुलाला कामापुरते इंग्रजीही येत होते. तिथे हुए शहराच्या शैलीचे तिखट शेवयांचे सूप, ‘बुन बॉ हुए’, चै रूपात मिळाले. एरवी ते गोमांसाच्या हाडांवर शिजते. इथे रस्सा मुळा, गाजर, मशरूम, अननस आणि गवती चहाचा होता, वर केळफुलाचे केसासारखे कातरलेले काप, मोड आलेले मूग आणि लिंबू. केळफूल कच्चे आणि इतके पातळ कापलेले मी प्रथमच खाल्ले. आपल्याकडे ते सोलून, रात्रभर ताकात किंवा पाण्यात ठेवून शिजवण्याचा जो खटाटोप असतो, तो त्यांनी धारदार सुरीने आणि लिंबाच्या पाण्याने सोडवला आहे. पाच दिवसांतले हे सर्वांत चांगले सूप होते.

परंतु याच उपाहारगृहाच्या मेनूचा निम्मा भाग नकली मांसाचा होता, आणि इथे माझे मत स्पष्ट आहे: तो भाग टाळावा. सोयाबीनची साय थरावर थर गुंडाळून, बाहेरून समुद्री शेवाळ्याचा पापुद्रा लावून तळलेला ‘मासा’ आला, त्याला खवल्यांचे आकार पाडलेले होते. कोनजॅक कंदापासून बनवलेल्या ‘कोलंबी’वर नारिंगी पट्टे रंगवले होते. व्रताच्या दिवशी नेहमी मांसाहार करणाऱ्या पाहुण्याला ताट ओळखीचे वाटावे, हा त्यामागचा हेतू मी समजू शकते, आणि कारागिरीबद्दल आदरही आहे. तरी जन्मभर मासा न खाल्लेल्या आईला ते ताट समोर नको झाले. शिवाय व्हीगनांसाठी खरी अडचण वेगळी आहे. गोठवलेल्या स्वरूपात विकत आणलेल्या अशा काही पदार्थांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधाची भुकटी असू शकते आणि वाढणाऱ्या मुलाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. टोफू, मशरूम, फणस, गव्हाच्या ग्लुटेनपासून, म्हणजे कणीक पाण्यात धुऊन उरणाऱ्या चिवट गोळ्यापासून घरी केलेले मी कान, हे पदार्थ जसे आहेत तसे दिसतात आणि तसेच लागतात. पैसे तिथेच खर्च करावेत.

अंड्या-दुधाबद्दल खात्री करायची असेल तर दोन वाक्ये लिहून ठेवावीत: ‘खोंग च्रुंग’ म्हणजे अंडे नको, आणि ‘खोंग सुआ’ म्हणजे दूध नको. दुसऱ्या वाक्यात मात्र एक अडचण येते. सोयाबीनच्या दुधालाही ‘सुआ’च म्हणतात, त्यामुळे एकदा मला सोयाबीनचे दूधही नाकारले गेले. त्याहून मोठा घोटाळा ‘बऽ’ या शब्दाचा आहे, कारण लोणी आणि अवोकाडो या दोहोंसाठी हाच शब्द आहे. लोण्याचा अर्थ फ्रेंचांकडून आला, आणि अवोकाडोचा गर लोण्यासारखा म्हणून त्यालाही तेच नाव पडले. पावाच्या गाडीवर चै ‘बान्ह मी’, म्हणजे सारण भरलेला पाव, मागितला आणि बाईंनी ‘बऽ?’ असे विचारले तेव्हा मी आनंदाने हो म्हटले. पावावर फिरला तो अंडे आणि तेल घुसळून केलेला पिवळा लेप. पाव परत करावा लागला, आणि त्या बाईंनी पुन्हा पैसे न घेता दुसरा करून दिला. सोयाबीनची साय, आंबट गाजर-मुळा, काकडी, कोथिंबीर आणि सोयाबीनचा सॉस घातलेला तो दुसरा पाव उत्तम होता.

कॉफीच्या बाबतीत अधिक सावध राहावे. दालातजवळच्या काउ दात भागात अरेबिका पिकते आणि काळी कॉफी सुरेख मिळते. पण एका उंचावरच्या, दरीच्या देखाव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कॅफेत नारळाची कॉफी मागवताना मी दोनदा दूध नको म्हटले, होकार मिळाला, आणि तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर निघाला. विचारल्यावर उत्तर आले की नारळाच्या कॉफीत ते असतेच. विकत घेतलेली वस्तू बदलून मिळाली नाही आणि दिलगिरीचा शब्दही नाही. ज्या गावात शंभर रुपयांचे ताट वाढणारी बाई दोन ट्रे लक्षात ठेवते, तिथे चौपट पैसे घेणाऱ्या कॅफेने एवढे सांगू नये, याचा मला मनापासून राग आला. अवोकाडोचे आइस्क्रीम आणि स्मूदी यांतही कंडेन्स्ड मिल्क सर्रास असते. काळी कॉफी किंवा आर्टिचोकचा किंचित गोडसर, मातकट चहा घ्यावा.

रात्रीच्या बाजारात निखाऱ्यावर भाजलेले तांदळाचे पापड, ‘बान्ह त्रांग नुओंग’, सगळीकडे दिसतात आणि वास सुटलेला असतो. नेहमीच्या प्रकारात अंडे, सुकट आणि बहुधा चीज असते, तेव्हा चै पाटी नसेल तर तिथे थांबू नये.

आमच्या मुक्कामाचा सर्वांत चांगला दिवस ६ ऑक्टोबरचा होता. त्या दिवशी आपली कोजागरी होती आणि व्हिएतनामच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे त्यांचा शरदाच्या मध्याचा सण. व्हिएतनामी महिनाही आपल्या मराठी महिन्यासारखा अमावास्येपासून मोजला जातो. त्यामुळे प्रत्येक महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस, हे जे त्यांचे चै जेवणाचे मुख्य दिवस, ते घरातले कालनिर्णय पाहूनही जवळपास ठरवता येतात. प्रवासाची तारीख आपल्या हातात असेल तर पौर्णिमा अवश्य गाठावी. त्या दिवशी को यांच्या दुकानासमोर सकाळी साडेदहालाच रांग होती, ट्रे तेराचे वीस झाले होते, आणि एरवी डुकराचे मांस विकणाऱ्या दोन गाड्यांनीही चै शेवयांची पाटी लावली होती. मात्र बाराच्या आत जावे. एक वाजता आम्हाला फक्त भात, सार आणि कूट मिळाले असते, असे को यांनी रिकामे ट्रे दाखवून सांगितले. एरवीही ही खानावळ दुपारी दोनच्या सुमारास बंद होते, तेव्हा रात्रीची सोय उपाहारगृहातच करावी लागते.

सणाच्या मून केकमध्ये चरबी आणि खारवलेल्या अंड्याचा बलक असतो, पण चै म्हणून वेगळे विकले जाणारेही मिळतात. मुगाच्या सारणाचा एक आम्ही घेतला. आवरणावर अंडे लावलेले नाही आणि मध नाही, हे वेष्टनावर भाषांतर करून पाहावे लागले. चवीला पुरणाच्या जवळचा, अतिशय गोड, एकीने संपवण्यासारखा नाही.

रात्री तांग बात हो या उताराच्या रस्त्यावर गेलो. दालातमध्ये रात्री गरम सोयाबीनचे दूध पिण्याची रीत आहे आणि त्यासाठी हा रस्ता ओळखला जातो. बुटक्या स्टुलांवर अंगात जाड जाकिटे घातलेली मुले बसलेली, मोठ्या पातेल्यांतून वाफ येत होती. सोयाबीन, हिरवे मूग आणि शेंगदाणे असे तीन प्रकारचे दूध होते. गाईचे दूध मिसळत नाहीत ना, हे आधी विचारून घेतले आणि साखर कमी सांगितली. सोबत टेबलावर क्रीम भरलेली पेस्ट्री न मागताच ठेवतात, खाल्ली तितकीच बिलात धरतात. ती बाजूला सारली. आईने शेंगदाण्याचे दूध घेतले, मी मुगाचे. मुगाच्या दुधात केवड्याच्या जातीच्या पानाचा वास होता आणि पेला इतका गरम की दोन्ही हातांत धरून बसावे. गेल्या सात वर्षांत कोजागरीला घरी आटीव दुधाचे पातेले चढले की मी आपली बाजूला बसते. या वेळी आईने पर्समधून कागदाच्या पुडीत बांधलेली वेलची-जायफळाची पूड काढली, जी तिने पुण्याहून न सांगता आणली होती, आणि दोन्ही पेल्यांवर चिमूट चिमूट घातली. ढगांमुळे चंद्र मधूनच दिसत होता. दिसला तेव्हा तिने पेला वर धरून नैवेद्य दाखवला आणि मग आम्ही दूध प्यायलो.

निघण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता को यांच्याकडून प्रवासाचे जेवण बांधून घेतले. भात आणि भाजी डब्यात, सार प्लास्टिकच्या पिशवीत रबर बांधून, आणि आईने खुणेने मागितलेले शेंगदाण्याचे कूट वेगळ्या पिशवीत, पाव किलोच्या वर. कुटाचे १५,००० दोंग सांगितले. ते अजून आमच्या फडताळात आहे आणि आई ते मेतकुटाच्या बरणीशेजारी ठेवते.